खिचडीमायचं सहावं उत्तर

त्या दिवशी वरणात पाल मी टाकली होती. ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. नऊ वर्षं झाली. गाव लाखांदूर तालुक्यातलं. नाव लिहीत नाही, कारण गावाचा त्यात काही दोष नाही. मी तिथल्या छोट्या शाळेचा मुख्याध्यापक होतो. दुसऱ्या शिक्षकाची जागा बहुतेक रिकामीच असे, म्हणजे शाळा म्हणजे मीच. आणि जिच्या वरणात ती पाल सापडली, ती मुलांसाठी रांधणारी बाई. पोरं तिला खिचडीमाय म्हणत.

ठेंगणी, वाळकी, डाव्या कानाची पाळी फाटलेली. तिच्याकडे अडचण घेऊन गेलं की ती कधी सरळ उत्तर देत नसे. हातातलं काम न थांबवता आधी म्हणायची, "याचं वाटोळं कसं करता येईन, थे सांगा पयले."

मी त्या शाळेत नवा असताना हातपंपावर रोज मारामारी व्हायची. ताट धुवायला पोरं एकमेकांना चिखलात लोळवत. मी छडी काढून पाहिली, रांगा लावून पाहिल्या. शेवटी वैतागून तिच्याजवळ बोललो. तिनं पोरांनाच बोलावलं.

"का रे, मारामारी अजून वाढवाची असन त का करान?"

पोरं पेटलीच. "सगळ्यायले एकाच वख्ती सोडाचं!" "ताटं पंपाजवळच ठेवाची!" "मोठ्यायले पयले घुसू द्याचं!"

"हेच त तुमचे गुरजी करून राहिले," ती म्हणाली. पोरं फिदीफिदी हसली. मलाही हसावं लागलं. दुसऱ्या दिवशी ताटांची टोपली व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला गेली, लहान पोरं आधी सुटू लागली, आणि पंपावरची मारामारी संपली.

तिची दुसरी सवय अंगानं करायची होती. कुंपण नीट असूनही बकऱ्या आत येऊन रोपं खात. मी तारा आवळून थकलो. एके दिवशी पाहतो तर खिचडीमाय पदर खोचून, कुंपणाच्या बाहेरून, हातापायांवर चालते आहे. पोरं मागून "में में" करताहेत.

"मावशी, हे काय चाललंय?"

"मानसाच्या डोयानं दिसत नाई जी. बकरी होऊन पायतो."

अर्धी चक्कर झाल्यावर ती थांबली. कोणीतरी बांधकामाच्या उरलेल्या विटा कुंपणाला टेकवून रचल्या होत्या. उभ्या माणसाला त्या विटा दिसत. बकरीला तिथं जिना दिसत होता. विटा हलवल्या, रोपं वाचली. गुडघे झटकत ती म्हणाली, "गुरजी, तुमी बी बना कधी. फुकट हाय."

आणि तिसरी म्हणजे पाच वेडी उत्तरं. "पाच येडे उत्तर काढा, मंग सहावं शायनं निंघते," असं ती म्हणायची. वानरांची टोळी शाळेच्या टिनाच्या छपरावर नाचायची तेव्हाची गोष्ट. शिकवलेलं ऐकू येत नसे. तिनं पोरांना वेडी उत्तरं मागितली. एक म्हणालं, वानरांचं लग्न लावून द्या. एक म्हणालं, टिनाला तेल लावा. एक पोरगी म्हणाली, त्यांची नावं हजेरीत घाला, शाळेचा पट वाढन. पट घटत चालला होता, शाळा बंद पडणार अशी कुजबुज गावात होती, त्यामुळे पालकसुद्धा त्या उत्तराला हसले. पण खिचडीमाय हसली नाही. "थांबा. हजेरीत घालाचं म्हंजे त्यायले जागा द्याची. त्यायची जागा कोनती?" वानरं येत ती तिनंच स्वयंपाकखोलीमागे टाकलेल्या उष्ट्या भातासाठी. दुसऱ्या दिवसापासून तो भात तलावाच्या बांधापलीकडे जाऊ लागला. चार दिवसांत टिन शांत.

मी एकदा विचारलं, हे सगळं कुठं शिकलात? म्हणाली, "शिकाले कोन गेलं जी? कधी मीठ सरते, कधी लाकडं वल्ली, अन् घंटी त वाजनारच. एक नाई सापडलं का दुसऱ्यानं भागवा लागते." हळूहळू पोरं असा विचार आपोआप करू लागली. दप्तराचा बंद तुटला तरी "वाटोळं कसं करता येईन" असं आधी म्हणत. तसं शिकवणं मला वीस वर्षांत जमलं नव्हतं.

त्या वर्षी शिक्षकांच्या नवोपक्रम स्पर्धेची सूचना आली आणि मी हे सगळं लिहून काढलं. वाटोळ्याला 'विपरीत विचार' म्हटलं, बकरी होण्याला 'परदृष्टी', वेड्या उत्तरांना 'अतर्क्य पर्याय'. बत्तीस पानं झाली. फोटो लावले. तिचं नाव एकाही पानावर नव्हतं. सुरुवातीला ते राहून गेलं असं मी स्वतःला सांगत असे. खरं म्हणजे पहिल्या पानावर लिहिलं होतं आणि मग खोडलं. स्वयंपाक करणाऱ्या बाईकडून मुख्याध्यापक शिकला, हे मला छापून नको होतं.

तालुक्यात पहिला आलो. मग भंडाऱ्याहून समिती शाळा पाहायला येणार असं कळलं, आणि माझी झोप उडाली. पोरांना पढवता येत होतं. तिला कसं पढवणार? मी आडून सुचवलं, मावशी, त्या दिवशी सुट्टी घ्या. ती म्हणाली, "अरे बाप्पा! पाहुने येनार अन् मी घरी बसू? पोरायचं मीच सांगन ना त्यायले, कसे कसे इचार करतेत त."

मग मी काय केलं ते लिहितो. शाळा सुटल्यावर मी टेबलाशी बसलो आणि तिच्याच पद्धतीनं विचार केला. माझ्या उपक्रमाचं वाटोळं कशानं होईल? ती बोलली तर. ती बोलली तरी कोणी ऐकणार नाही, असं कशानं होईल? पाच वेडी उत्तरं मी कागदावर लिहिली. सहाव्या उत्तरासाठी परदृष्टी लावली. तिच्या जागी जाऊन पाहिलं की तिला अभिमान कशाचा. तिला अभिमान एकाच गोष्टीचा होता. तिच्या हातच्या जेवणात कधी खडासुद्धा निघाला नव्हता.

कार्यालयातल्या आलमारीमागं एक वाळलेली पाल पडली होती.

जेवण वाढण्याआधी शिक्षकानं चव पाहायची, असा नियम आहे. ती पळी विसळायला पंपावर गेली तेवढ्यात मी कागदातली पाल वरणाच्या पातेल्यात सोडली, आणि ती परत आल्यावर सगळ्यांसमोर चव पाहायला गेलो. म्हणजे एकाही पोराच्या ताटात काही गेलं नाही. याच एका गोष्टीवर मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सभ्य समजत आलो.

मी ओरडलो. दारात उभ्या एका पालकानं मोबाईल काढला. अर्ध्या तासात गाव गोळा झालं, आणि संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ लाखांदूरच्या पानठेल्यांवर पोचला होता. शाळा समितीचे अध्यक्ष तिच्यावर धावून गेले, "बुढी झाली, डोये फुटले, तरी खुर्ची सोडत नाई!" खुर्ची! बिचारीकडे बसायला एक पाट होता.

ती रडली नाही. पळीनं पाल बाहेर काढली, पळसाच्या पानावर ठेवली आणि वाकून पाहत राहिली. "हे वाळलेली हाय जी. वरनात पडून मेली असती त फुगली असती."

"पालीचं पोस्टमार्टम करून राहिली का बुढे?" गर्दीतून कोणीतरी ओरडलं. हशा पिकला. ती माझ्याकडे वळली. मी म्हणालो, "मावशी, आता कारणं नका सांगू." माझा आवाज अगदी स्थिर होता. मला अजून तो ऐकू येतो.

दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकखोलीची किल्ली द्यायला कार्यालयात आली. किल्ली टेबलावर ठेवली, आलमारीकडे पाहिलं.

"परवा झाडताना इथं मागं पाल पाह्यली होती म्या. म्हटलं, उद्या काढतो. आज नाई थे."

मी हजेरीपट उघडून बसलो होतो. मान वर केली नाही.

"रातभर इचार केला. खरं सांगतलं त का होईन? गुरजीनं लेकरायच्या जेवनात पाल टाकली म्हन्ल्यावर एक पोट्टं ठेवत नाई कोनी इथं. शाळा बंद. बाई चुकली त बाई बदलते, शाळा राहते." तिनं किल्ली माझ्याकडे सरकवली. "म्हनून चुप राहतो मी. तुमच्यासाठी नाई." दारापाशी जाऊन ती थांबली. "चांगले शिकले जी तुमी."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. पोरानं गणित बरोबर सोडवल्यावर म्हणतात तसं म्हणाली.

समिती आली. एका मॅडमनी चौथीतल्या पोरीला विचारलं, हे सगळं कोणी शिकवलं? पोरीनं एकदा स्वयंपाकखोलीकडे पाहिलं. तिथं नवी बाई उभी होती. मग म्हणाली, "सरांनी." मला शाल मिळाली, प्रमाणपत्र मिळालं. तेव्हापासून मी प्रशिक्षणांना तज्ज्ञ म्हणून जातो. साकोलीत, भंडाऱ्यात पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहितो, 'आधी वाटोळं करा', आणि शिक्षक टाळ्या वाजवतात. चहाच्या वेळी एखादा तरुण मास्तर विचारतो, सर, हे सुचलं कसं? मी हसून म्हणतो, अनुभवातून.

तिचं काय झालं तेही सांगायला हवं. शाळेचं काम तिला अर्ध्या दिवसाचं होतं. तिचा खरा मान लग्नाकार्यातल्या रांधण्याचा. पाचशे पानांच्या जेवणाचा अंदाज ती डोळ्यानं घ्यायची. त्या व्हिडिओनंतर एकही बोलावणं आलं नाही. सानगडीला सख्ख्या भाच्याचं लग्न होतं. तिथं ती बायकांत वांगी चिरायला बसली, तर एकीनं तिच्यासमोरची विळी ओढून घेतली. "राहू द्या आत्याजी, तुमी आराम करा." हे मला तिथं गेलेल्या माणसानं गंमत म्हणून सांगितलं. आणि पोरं? पोरं तिला पालमाय म्हणू लागली. ती तलावाच्या बांधावरून जात असली की पोरं वर्गाच्या खिडकीतून ओरडायची, "ए पालमाय!" वर्गात मी असायचो. मी एकदाही "गप्प बसा" म्हटलं नाही.

पुढं माझी बदली झाली. नंतर एकदाच ती लाखांदूरच्या बसस्थानकावर दिसली. मी खांबाआड जाणार होतो, पण तिनंच हाक मारली.

"गुरजी, शाळा हाये ना जी चालू?"

"आहे."

"पट?"

"मी गेलो तेव्हा एकोणीस होता."

"मंग जमलं." तिची गाडी लागली. पिशवी छातीशी धरून ती चढली, मागं वळून पाहिलं नाही. माझी माफी मागायची इच्छा होती असं लिहिलं तर ते खोटं होईल. गाडी सुटली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

या जानेवारीत ती गेली. तेरवीला मी गेलो, कारण न जाणं डोळ्यावर आलं असतं. लेकीनं रडवेल्या तोंडानं पंगतीत पुढं बसवलं, "मायचे गुरजी आले" म्हणून. वरण वाढायला घेतलं आणि माझ्या शेजारचा म्हणाला, "पाहून जेवा रे बाप्पा, बुढीच्या घरचं हाय!" पंगत हसली. मीही हसलो. ठरवून नाही, तोंड आपोआप हसलं. लेक बादली घेऊन माझ्यासमोरच उभी होती. तिनं ते शब्द ऐकले, माझं हसू पाहिलं, आणि खाली वाकून माझ्या पानात वरण वाढलं. इतरांपेक्षा दोन पळ्या जास्त.

इतकी वर्षं मी शाळेच्या आड लपलो होतो. बोललो तर शाळा जाईल, हे तिचं वाक्य मी माझी ढाल करून टाकलं होतं. या जूनमध्ये ती शाळा बंद झाली. अकरा पोरं उरली होती, ती आता शेजारच्या गावाला जातात. तिनं जे वाचवलं ते संपलं, आणि माझी सबबही.

हे मी लिहिलं आहे, पण त्या गावात मासिकं कोणी वाचत नाही. म्हणून हे लिहिणं म्हणजे फेड नव्हे. गावाच्या सभेत उभं राहून, तिच्या लेकीसमोर, खिचडीमायचं जेवण शेवटच्या दिवसापर्यंत स्वच्छ होतं आणि ते मी नासवलं, हे मोठ्यानं सांगणं आणि ती बत्तीस पानं तिच्या नावावर करणं एवढं माझ्याकडे देणं आहे. ते मी अजून दिलेलं नाही.