अक्षता आणि पंगत यांच्यामधली क्लिप

सुरुवातीलाच सांगतो — भूतबित, करणी, वास्तू, असल्या कशावर माझा काडीचाही विश्वास नाही. या सदरातले अनुभव मी दुकानात मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि आम्ही नवराबायको पोट धरून हसायचो. आज मीच लिहायला बसलो म्हटल्यावर बायको म्हणाली, "लिहा, लिहा. आता लोक तुम्हाला हसतील." हसा. पण आधी पूर्ण वाचा.

आणखी एक गोष्ट माहीत असू द्या. मी जळका माणूस आहे. समोरच्या स्टुडिओवाल्यानं ड्रोन घेतला तेव्हा मला कित्येक दिवस जेवण गोड लागलं नव्हतं. त्यामुळे हा अनुभव भीतीचा कमी आणि जळफळाटाचाच जास्त आहे.

माझं नाव श्रीनिवास. सगळे श्रीनू म्हणतात. सोलापुरात शुक्रवार पेठेत माझं लग्नाच्या फोटो-व्हिडिओचं दुकान आहे. घरात तेलुगू, दुकानात मराठी, आणि भांडण झालं की दोन्ही. महेश हा माझा कॉलेजपासूनचा मित्र. नोकरी शाळेत, जीव सिनेमात. एक दिवस दुकानात येऊन म्हणाला, "श्रीनू, आपण पिक्चर करू. तुझा कॅमेरा, माझी गोष्ट. लाइट-बिइट काही नको, सगळं उन्हात."

गोष्ट साधी होती. एक धनगर म्हातारी, मेंढरं राखणारी. तिचा मुलगा कारखान्यात लागलाय आणि घरी येईनासा झालाय... ती त्याची वाट बघते. बस्स. नट घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून महेशनं मंद्रूपची खरीखुरी म्हातारीच शोधून काढली — धुरपामावशी. तिचा मुलगा बिरू खरोखरच चिंचोळी एमआयडीसीत कामाला. फरक इतकाच, की तो बिचारा दर सुट्टीला घरी यायचा.

शाळेला सुट्टी असेल तेव्हा आम्ही मंद्रूपला जायचो. लग्नाच्या तारखा असल्या की शूटिंग बंद, कारण कॅमेरा एकच. तोच कॅमेरा लग्नाला, तोच सिनेमाला. कॅमेऱ्याची मेमरी कार्डंही सगळी एकाच पेढ्याच्या डब्यात. नावं घालायची सवय आम्हा लग्नवाल्यांना नाही, डोक्यात असतं सगळं. महेश यावरून लई बोलायचा. आणि शूटिंग करताना तर काय विचारू नका! वीस वर्षं "इकडे बघा, हसा, मामा जरा पुढे सरका" करण्यात गेलेली माझी. कॅमेरा डोळ्याला लावला की तोंडातून आपोआप "हसा" निघायचं. महेश डोकं धरून बसायचा. "लग्न नाही हे, श्रीनू! पुण्याचा माझा तो मित्र असता तर..."

पुण्याचा तो मित्र. मोठा कॅमेरामन म्हणे. त्याचं फ्रेमिंग असं, त्याचा पेशन्स तसा. मी त्याला आजवर पाहिलेला नाही, पण त्याच्या नावानं माझ्या पोटात आग पडायची.

धुरपामावशी म्हणजे सोन्यासारखी बाई. कॅमेरा बंद असला की तोंडाला खंड नाही. मला भाकरी खायला घालायची, माझ्या बायकोला शेंगा बांधून द्यायची. पण मी कॅमेरा उचलला रे उचलला की तिचा चेहरा आधार कार्डावरच्या फोटोसारखा व्हायचा. ताठ. मान खिळ्यानं ठोकलेली. मी सगळं करून बघितलं. लपून घेतलं, लांबून घेतलं, जोक सांगितले. मावशी तशीच.

"मावशी, जरा मोकळं बसा की."

"बसलीया की मोकळी. आनी कशी बसू?"

आता मुख्य गोष्ट. शूटिंग जवळजवळ उरकलं होतं. महेश दुकानात कॉम्प्युटरवर एडिटिंग करत बसला होता, मी पुढे गिऱ्हाइकाला अल्बमची डिझाइनं दाखवत होतो. आतून ओरडला, "श्रीनू! अरे गाढवा, हे कधी घेतलंस? आणि मला सांगितलं नाहीस?"

मी आत गेलो. स्क्रीनवर धुरपामावशी. मेंढरांच्या जाळीजवळ लिंबाखाली बसलेली, भर दुपार, सावली अगदी बुडाशी. कॅमेरा खाली, कुणीतरी मांडीवर ठेवल्यासारखा, श्वासाबरोबर किंचित वरखाली होणारा. आणि मावशी हसतेय... बोळकं उघडून, डोळे बारीक करून, अशी हसतेय की मी बघतच राहिलो. मधेच तिचा हात पुढे येतो, कॅमेऱ्याच्या वर, फ्रेमच्या बाहेर जातो. परत येतो, काहीतरी चिमटीत धरल्यासारखा, आणि ते ती दुसऱ्या तळहातावर ठेवते. परत हात वर. म्हणते, "हलू नगंस, गप बस." कॅमेऱ्यामागचा माणूस चकार शब्द बोलत नाही. "हसा" तर नाहीच नाही.

"मी नाही घेतलं हे," मी म्हणालो.

"मग कुणी घेतलं? तुझ्या बायकोनं?"

महेशनं चुकून लग्नाचं कार्ड लावलं होतं. पेढ्याच्या डब्यातलं कुठलंही उचललेलं. मी क्लिपा बघितल्या, परत पहिल्यापासून बघितल्या. रुखवत. मग नवरीची एंट्री. मग अक्षता. मग ही — धुरपामावशी. आणि तिच्यानंतर पंगत. नंबर एकापाठोपाठ एक, मधे कुठे तुटलेला नाही. वेळही बरोबर अक्षता आणि पंगतीच्या मधली.

ते लग्न सोलापुरातलं, आमच्या पेठेजवळच्याच मंगल कार्यालयातलं. कार्ड कोरं करकरीत होतं, त्याच दिवशी सकाळी विकत घेऊन कार्यालयातच पाकीट फोडलं होतं. म्हणजे आधीचं काही त्यात राहिलं असेल म्हणावं, तर तेही नाही. कॅमेरा दिवसभर माझ्या गळ्यात. मंद्रूप म्हणजे काही शेजारची गल्ली नव्हे, की अक्षता टाकून गेलो, शूट केलं आणि जिलबीला परत आलो. नवरीचे काका माझ्याच शेजारी पंगतीला बसले होते, वाढप्याला ओरडून त्यांनी मला आग्रह केला होता. तेही रेकॉर्ड झालेलं आहे.

दुरुस्तीवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, डेटा कधी कधी सरकतो. कोऱ्या कार्डावर कुठून सरकला, विचारलं तर म्हणाला, "चहा घेणार का?"

महेशला यातलं काही ऐकायचंच नव्हतं. त्यानं तो शॉट सिनेमाच्या शेवटी टाकला. म्हातारी शेवटी लेकाच्या केसांवरून हात फिरवते, असा अर्थ लागला आणि अख्खा सिनेमा उभा राहिला. पुण्यात एका छोट्या महोत्सवात दाखवला तेव्हा लोक रडत होते. दिवे लागले आणि सगळे माझ्याकडे! "काय शॉट आहे!" "कसा घेतला?" मी म्हणालो, "मी नाही घेतला." लोक टाळ्या वाजवायला लागले. किती विनम्र म्हणे! अहो, कसली विनम्रता? माझे बाकीचे शॉट होते की! पहाटेच्या धुक्यातली मेंढरं होती, त्यासाठी मी चिखलात पालथा झोपलो होतो. त्याबद्दल एक माणूस अक्षर बोलेल तर शपथ. कोण कुठला, ना नाव ना गाव, माझ्याच कॅमेऱ्यात घुसून एक शॉट घेतो आणि माझ्या सगळ्या मेहनतीवर पाणी! पुण्याच्या त्या मित्रावर मी जळलो नव्हतो इतका या माणसावर जळलो. माझ्या नावावर, माझ्याहून चांगलं काम करणाऱ्या माणसावर.

त्यातच एका मोठ्या दिग्दर्शकानं मला बाजूला घेतलं. पुढचा सिनेमा करतोय, कॅमेरा तुम्ही करायचा. "मला तोच डोळा हवाय," म्हणाला. शुक्रवार पेठेतल्या लग्नवाल्याला सिनेमा मिळत होता. आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते दारात उभं होतं, आणि आलं होतं दुसऱ्याच्या कामावर. महेश म्हणाला, "गप 'हो' म्हण. वेडा आहेस का?"

मी उत्तरासाठी मुदत मागितली आणि मनाशी ठरवलं — तसा एक, फक्त एक शॉट मी स्वतः घेऊन दाखवीन. मिळाला तर 'हो' म्हणायचं.

कॅमेरा घेऊन एकटाच मंद्रूपला गेलो. बिरूची सुट्टी होती, तोही घरी होता. मावशीला त्याच लिंबाखाली बसवलं. तीच दुपार. कॅमेरा मांडीवर ठेवला, तोंड मिटून बसलो. मावशी... आधार कार्ड. कॅमेऱ्याकडे बघून ताठ.

शेवटी माझा संयम सुटला. "मावशी, त्या दिवशी हसलात तसं हसा की जरा! कोण आलं होतं त्या दिवशी? कुणासमोर हसलात एवढं?"

मावशीनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मलाच ऊन लागलंय. "कोन म्हंजे? तूच हुतास की."

"मी सोलापुरात लग्नात होतो, मावशी."

"व्हय, त्येच सांगितलंस की तू. लग्नातनं आलोय म्हनलास. कपाळाला कुंकू हुतं, आन् डोस्क्यात ह्या अक्षता! सगळ्या केसात गुतल्याल्या. म्या एक एक येचून काढल्या. तू आपला गप बसून हुतास, शान्या लेकरावानी."

ती चिमूट... वर जाणारा, परत येणारा हात. लोक ज्याला केसांवरून फिरणारा हात समजून रडत होते, तो अक्षता वेचत होता. आणि अक्षता त्या दिवशी खरंच माझ्या डोक्यात पडल्या होत्या. वऱ्हाडी काय, नवरा-नवरीवर कमी आणि कॅमेरावाल्यावर जास्त टाकतात. पण मी घरी गेलो तेव्हा डोक्यात एक दाणा नव्हता. बायकोला नंतर विचारलं, तर म्हणाली, "हो, मला नवल वाटलं होतं. दर लग्नानंतर उशीवर तांदूळ सांडलेले असतात तुमचे. त्या दिवशी नव्हते."

मी बिरूकडे बघितलं. म्हटलं, निदान हा तरी म्हणेल, आईला आता वयामुळे आठवत नाही. तो म्हणाला, "भाऊ, मी कामावर हुतो त्या दिवशी. पर संध्याकाळी फोनवर आय सांगत हुती, श्रीनू आल्ता म्हून. लई खूश हुती."

मी त्याला आत्ताच घेतलेलं माझं शूट दाखवलं. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर त्यानं मान वाकडी करून बघितलं. कसंनुसं हसला. "चांगलं आलंय की भाऊ. पर... ही आमची आय न्हवं. त्यात हाय ती, त्या पिच्चरमदल्या शेवटच्या शॉटात."

"तो शॉटही मीच काढला म्हणता ना?" मी तडकलोच.

"व्हय की. मग आज काय झालं तुमाला?"

काय सांगणार, कपाळ?

सोलापूरला परत येऊन दिग्दर्शकाला फोन केला आणि नाही म्हणालो. तो शॉट माझा नाही, असंही परत एकदा सांगितलं. तो म्हणाला, "कलावंत विक्षिप्त असायचेच." महेश अजून माझ्याशी बोलत नाही. ते काम शेवटी त्याच्या पुण्याच्या मित्राला मिळालं. जळायला मला आता आणखी एक कारण झालं.

यामागे काय आहे, मला अजून कळलेलं नाही. चकवा म्हणा, कार्डाचा बिघाड म्हणा, मावशीचा भास म्हणा, एकही उत्तर अक्षता आणि पंगत यांच्यामध्ये नीट बसत नाही. तुम्हाला काही सुचलं तर जरूर लिहा, फक्त "मन शांत ठेवा" असं लिहू नका, ते बायको रोज सांगते.

मी अजूनही ती क्लिप बघतो. दुकानात कुणी नसलं की लावतो. सिनेमा गेला त्याचं आता फारसं काही वाटत नाही. खरं सांगू, खुपतं ते वेगळंच. इतके दिवस मी तिच्याकडे जात होतो, तिची भाकरी खात होतो. एकदा, फक्त एकदा तिनं माझ्याकडे तसं बघायला हवं होतं. परवा तिला फोनवर हे बोलूनही दाखवलं.

मावशी हसली. म्हणाली, "आरं, तुझ्याकडंच बघत हुते की रं."