रस्त्याच्या पलीकडून

जुबेदाआपा कुठलंही पोस्टर जवळून वाचत नसत. नाशिकरोडला मी भिंतीवर आमच्या संघटनेचं पत्रक चिकटवत होतो, तेव्हा मला अनोळखी असलेल्या या बाईंनी मला दंडाला धरून रस्त्यापलीकडे नेलं आणि म्हणाल्या, "आता वाच." मला माझंच पत्रक वाचता येईना. "मग हे पोस्टर नाही बेटा, चिठ्ठी आहे. घरोघर टाक."

आपा चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिका. त्यांच्या खोलीत रेल्वेची जुनी पोस्टरं होती, लोकांना प्रवासाला बोलावणारी. निळा डोंगर, पिवळं ऊन, गोदेचा घाट, कोपऱ्यात धूर सोडणारी एवढीशी गाडी आणि खाली एकच ओळ. बघताक्षणी पिशवी उचलून निघावंसं वाटे, आणि त्याचाच मला राग येई. ही इंग्रज साहेबांची जाहिरात, मी म्हणालो. यात सामान वाहणारा एकही माणूस नाही. आपा चिडल्या नाहीत. "खरंय. पण पोस्टर विनवण्या करत नाही, हे बघ. रीत त्यांच्याकडून घे. बोलवायचं कोणाला, ते आपण ठरवू."

गेल्या वर्षी शहराबाहेरच्या एका लहान स्टेशनावरचा पॅसेंजरचा थांबा बंद होणार असं कळलं. तिथल्या भाजीवाल्या त्याच गाडीने बाजाराला येतात. मी पानभर मजकूर लिहिला. आपांनी तो बाजूला सारून ब्रश घेतला. आजारपणाने हात थरथरे, म्हणून मनगट दुसऱ्या हाताने धरून त्या रंगवत. तोच निळा डोंगर, तेच पिवळं ऊन. पण पुढे, डोंगराहून उंच, डोक्यावर पाटी घेतलेली बाई. भाजीवाल्या सुमनबाई बघून म्हणाल्या, "आपा, मी एवढी गोरी नाय." आपांनी हसत रंग गडद केला.

खालची पट्टी त्यांनी कोरी ठेवली. ओळ तुझी, म्हणाल्या. त्याच आठवड्यात त्या गेल्या.

मी कागदावर लिहिलं की, जनतेच्या भावना लक्षात घेऊन प्रशासनाने फेरविचार करावा ही नम्र विनंती. स्टेशनासमोर चित्राखालच्या पट्टीवर तो कागद लावला आणि रस्ता ओलांडला. काही दिसेना. परत येऊन आधी 'नम्र' खोडलं, मग 'विनंती', मग बाकीचं सगळंच.

थांब्याचा अंतिम निर्णय अजून झालेला नाही. पावसाने पोस्टर फाटलं की सुमनबाई खळ शिजवून आणतात, मी छापून घेतलेली नवी प्रत लावतो. मग दोघं पलीकडे जाऊन वाचतो:

गाडी इथे थांबेल.