गेटवरचा कॅमेरा

केबलच्या ऑफिसात किश्श्यांना तोटा नसतो. टीव्ही बंद पडला की लोक आधी आम्हाला शिव्या घालतात, मग देवाचं नाव घेतात! केडगावच्या आमच्या ऑफिसात मालक आप्पा, वायरमन रफिकभाई आणि फोन घ्यायला मी, एवढाच कारभार. पूर्वी हे किस्से सांगताना आम्ही पोट धरून हसायचो. अजूनही हसतो, पण एक कान फोनकडे असतो. "कनेक्शन काढा" म्हणणारा तर नसेल, ही भीती असते.

*

घरोघर इंटरनेट नवीन होतं तेव्हाची गोष्ट. एका मावशींचा रोज फोन, "ताई, रेंज न्हाई!" रफिकभाईंनी दोनदा बाहेरची वायर बदलली, तरी तेच. शेवटी विचारलं, "मावशी, राउटर हाय कुठं?"

मावशींनी कमरेची किल्ली काढून लोखंडी कपाट उघडलं. आत पैठणीशेजारी राउटर, वायर दाराच्या फटीतून ओढलेली!

"एवढी म्हागाची वस्तू, उघड्यावर कशी ठिवायची?"

*

पाटसच्या एका मामांची वेगळीच तऱ्हा. आपला व्हिडिओ संपला की ते राउटरचं बटण बंद करायचे. माडीवर सुनेची कंपनीची मीटिंग चालू असायची. ती वरून ओरडली, की मामा शांतपणे म्हणायचे, "सकाळधरनं चालूच हाय, तापलंय ते. तू बी जरा इसावा घे!"

*

मग मोबाइलचा डेटा स्वस्त झाला. कीर्तन, सिरियल, बैलगाडा शर्यत, सगळं ज्याच्या त्याच्या हातात. आमची कनेक्शनं गळायला लागली. एका सरांनी तर व्हिडिओ कॉल करून सांगितलं, "ताई, आता वायफायची गरज नाही, काढून न्या."

मी विचारलं, "सर, हा कॉल कशावरून लावलाय?"

"वायफायवरून. मोबाइलला इथं रेंज कुठंय!"

तरीही काढलंच त्यांनी. हे ऐकून रफिकभाई खूप हसले. आप्पा मात्र हसले नाहीत.

*

आमचं एक लोकल चॅनलही आहे. ऊस घेऊन आलेल्या ट्रॅक्टरची रांग घरबसल्या दिसावी म्हणून आप्पांनी कारखान्याच्या गेटसमोर कॅमेरा लावला होता. गाळप सुरू झालं की बायका त्या रांगेत आपला ट्रॅक्टर कुठवर आला ते बघून भाकरी टाकायला घ्यायच्या. आता ड्रायव्हरच मोबाइलवरून घरी व्हिडिओ पाठवतात.

परवा दुपारी कॅमेऱ्याचं ते चित्र पडद्यावर एका जागी अडकलं. मी म्हटलं, "आप्पा, रफिकभाईंना पाठवू का?"

"नको," आप्पा म्हणाले. "कुणाचा फोन येतोय का बघू. न्हाई आला तर चॅनल बंद. आन् मग हापिस तरी कुणासाठी उघडायचं?"

त्या दिवशी एकही फोन आला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी तक्रारीची वाट बघत बसले. रफिकभाई उगाच वायरची भेंडोळी सोडत होते आणि पुन्हा गुंडाळत होते. त्यांची मुलगी कॉलेजात आहे, माझ्या घरी माझाच पगार. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतही नव्हतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. मी घाबरतच उचलला आणि स्पीकरवर टाकला. वस्तीवरचे एक आबा होते. त्यांचा मुलगा संतोष उसाचा ट्रॅक्टर चालवतो.

"पोरी, आमचा संतोष कालधरनं गेटवर उभा हाय. फोन बी लागंना त्येचा. मी रातभर टीव्हीम्होरं बसलोय. रांग हलंना ते हलंना, पर त्येच्या डोक्यावरचं ऊन बी उतरंना! कुणीतरी त्येला सावलीत घ्या की!"

आप्पा उठले, चपला घातल्या.

"रफिकभाई, शिडी घ्या," ते म्हणाले. "आन् पाण्याची एक बाटली बी."