देवाजीच्या गाडीच्या किस्ती

पंक्चरच्या दुकानात जुने ट्यूब साचतात, तशा गोष्टीही साचतात. फेकायला गेलं की एखादी हाताला चिकटतेच. मी तिसरी नापास. मोठं काही कळत नाही. पण बल्लारपूरच्या अलीकडं फाट्यावर बसून माणूस कसा नागवला जातो, ते रोज दिसतं.

देवाजी कोळसा डेपोवर हमाल. सायकलनं जायचा. एक दिवस ठेकेदार म्हणाला, "आता काम रेल्वेच्या दूरच्या सायडिंगवर. गाडी असन तरच ये."

झालं! आठवड्यात देवाजी नव्या गाडीवर! सायकल माझ्याकडं टाकली. "भंगारात द्या, भाऊ."

"पैसे कुठून आणले बे?"

"पैसे कायले लागते? महिन्याच्या किस्तीवर भेटते. दोन फोटो अन् आधारची झेरॉक्स!" शर्टाच्या खिशात, प्लास्टिकच्या पिशवीत, ते सदा तयार.

*

गाडीवर थांबायचं ना! तसल्याच फोटोंवर फ्रिज आला. मी त्याच्या बायकोला, सुमनबाईला विचारलं, "काय ठेवता बाई यात?"

"तांदूळ, भाऊ. उंदीर लागत नाई."

"अन् थंड पाणी?"

"बिल भरलं नाई, लाइन तं कापली ना!"

*

मग मोबाइल. किस्त चुकली की कंपनी लांबूनच फोन बंद करते, हे मलाही तेव्हाच कळलं. ठेकेदारानं पाळी बदलल्याचं व्हॉट्सॲपवर टाकलं. देवाजीला दिसलंच नाही. रोजी बुडाली.

मी म्हटलं, "फोन तुह्या खिशात, अन् कुलूप त्याइच्या हातात!"

तो हसला. मला काही हसू आलं नाही.

*

गाडीच्याही किस्ती थकल्या. वसुलीवाले फिरायला लागले. देवाजीनं डोकं लढवलं. "भाऊ, गाडी तुमच्या दुकानात ठेवतो. चाकं काढा. चाकंच नाई तं नेतीन कशी?"

अन् कामावर कशी जाईल? रोज पहाटे मी चाकं लावायची, संध्याकाळी काढायची! असला धंदा जन्मात केला नव्हता.

*

एका संध्याकाळी वसुलीवालाच दुकानात आला. सोबत एक पोरगं, गाडी ढकलत. टायर बसलेलं. मागं देवाजीची गाडी विटांवर उभी, ती त्यानं पाहिली. कागद काढला. मला वाचता आला नाही, पण शिक्का होता.

"गरिबाची रोजी जाईन ना बे!"

"काका, आज ही नेली नाई तं माह्याच गाडीची किस्त चुकते!"

त्याचं पंक्चर मी काढलं. देवाजीच्या गाडीला चाकंही मीच लावून दिली.

*

ठेकेदारानं सांगितलं, "सोमवारी टाइमावर आला तं ठीक, नाई तं दुसरा माणूस घेतो."

रविवारी देवाजी दुकानात आला. सायकल मी भंगारात दिलीच नव्हती. पुसली, चेनला तेल दिलं, हवा भरली, त्याच्यासमोर उभी केली.

"जा घेऊन. तुहीच हाय. अंधारात निघशीन तं पोचशीन."

त्यानं सायकलभोवती एक चक्कर मारली. टायर दाबून पाहिलं. घंटी वाजवली.

मग शर्टाच्या खिशात हात घातला, अन् माझ्या पान्याच्या पेटीवर दोन फोटो ठेवले. त्यावर आधारची झेरॉक्स.