कापितोलिनाचा कुलिच

कापितोलिनाला, आमच्या कापाला, एका जागी बसलेली मी तरी कधी पाहिली नाही. उभा जन्म कापडगिरणीत मागांमधून पळण्यात गेला. निवृत्त झाली, पण ते पायांना कोणी सांगितलंच नाही. चहा उभ्यानं, टीव्हीसुद्धा उभ्यानं. मी रिम्मा, तिची समोरच्या दारची शेजारीण. तिच्या येरझाऱ्या बघून माझंच डोकं गरगरायचं. तीन वर्षांपूर्वी तिची मुलगी इंगा एका ट्रकवाल्याशी लग्न करून गेली, तेव्हापासून तर हिच्या पायाला भिंगरीच लागली. जावयाचं तोंड बघणार नाही म्हणाली आणि खरंच बघितलं नाही.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी मात्र तिला शांत राहावंच लागे. त्या दिवशी ओव्हनमध्ये कुलिच असतो, ईस्टरचा उंच गोड पाव. दार आपटलं, कोणी आवाज चढवला, की फुगलेला पाव खाली बसतो. आणि पाव बसला की घराचं वर्ष वाईट जातं. हसा हवं तर, पण आमच्याकडे सगळे मानतात.

यंदा पाव नुकता वर येऊ लागला होता. मी मदतीला होते असं नाही, गप्पा मारायला गेले होते. तेवढ्यात इंगा दारात उभी.

"आई, आम्ही व्लादिवोस्तोकला चाललोय. कायमचे. टॅक्सी खाली थांबलीये."

"हळू बोल, पाव आहे आत," कापा कुजबुजली. "तो कुठाय?"

"त्याला नाव आहे. ग्लेब. खाली बसलाय. तू घरात घेणार आहेस का त्याला?"

"नाही."

मग मायलेकी भांडल्या, पण कुजबुजत. दातओठ खात, हातवारे करत, आणि आवाज मांजराच्या पावलांएवढा. हसावं की रडावं, मला कळेना.

"तीन वर्षांत एक फोन केलास?"

"तू उचलला असतास?"

 ओव्हनच्या काचेतून पाव बघायला कापा खाली वाकली.

इंगा रागावली की दार आपटून भिंतीचा चुना पाडायची. त्या दिवशी तिनं दार इतकं अलगद ओढून घेतलं की आईला कळलंसुद्धा नाही. कापा बोलायला वळली तर समोर मी एकटीच.

"गेली?"

"गेली. तुझ्या पावाला धक्का न लावता," मी म्हणाले. फार राग आला होता मला.

कापा धावली. तिनं दार असं आपटलं की कपाटातल्या बशा वाजल्या. पाव मधोमध खचला. मी सरळ खिडकी उघडली, आता जपायला राहिलं होतं काय?

खाली चिखलात, घरातल्या सपाता घालून, कापा टॅक्सीच्या बॉनेटवर थापा मारत होती आणि सगळ्या आवाराला ऐकू जाईल असं इंगाला हाका मारत होती. ग्लेब टोपी हातात घेऊन खाली उतरला. कापानं त्याला पहिल्यांदाच नीट पाहिलं. तिला धाप लागली होती.

"जेवलास का रे?" तिनं विचारलं.