दुसरा डोस

स्पिरिटचा वास आला की मला आमच्या कापडे गावातली ती सकाळ आठवते. एकाच कुत्रीची दोन पिल्लं, एक माझ्याकडे, एक धाकट्या जावेकडे. तिचं गुबगुबीत, अख्खी वाडी त्यालाच कुरवाळायची आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा. हगवणीच्या रोगाची पहिली लस पोलादपूरला स्पिरिटचा बोळा लावून दोघांना एकदमच टोचली, तेव्हा डॉक्टरांनी तीन आठवड्यांनी परत बोलावलं होतं. तीन आठवडे झाले त्या सकाळी जावेने अंगणातून हाक मारली, "ताई, चला, रिक्षा आलीय." तिच्या कडेवरचं ते पिल्लू बघून मी म्हटलं, "एकदा टोचलंय, बास हाय," आणि दार लावलं. महिन्याभरात माझं पिल्लू रक्ताची हगवण लागून गेलं. तिचं आता म्हातारं झालंय. मी दिसले की शेपूट हलवत येतं. मी त्याला अजून एकदाही कुरवाळलेलं नाही.