तानूआत्याच्या भिंतीवरचा शिपाई

तानूआत्या गेली त्याला आता दीड महिना होत आला. त्या दिवशी मी नगरला शाळेत तिसरीचा वर्ग घेत होतो. पारनेरचा एक ओळखीचा माणूस दाराशी येऊन म्हणाला, "गुरुजी, आत्याबाईंचं जास्त झालंय." त्याच्या आवाजावरूनच काय ते कळलं... खडू तसाच टेबलावर ठेवून मी निघालो.

आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. पंधराव्या वर्षी पारनेरला नांदायला गेली आणि चारच महिन्यांत आतोबा पलटणीबरोबर बसऱ्याकडं गेले. ही पहिल्या महायुद्धातली गोष्ट. वर्षभरानं सरकारी कागद आला, त्यात 'बेपत्ता' एवढंच होतं. दिरांच्या बरोबरीनं शेतात राबून आत्यानं दिवस काढले. आतोबांचा एकही फोटो घरात नव्हता. "तोंडच आटवत न्हाई रं आता," ती म्हणायची, "पाठमोरे जाताना तेवढे दिसत्यात."

दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना पारनेरच्या बाजारात पलटणीच्या भरतीचा तंबू लागला. आत कनातीवर आधीच्या लढाईतल्या फोटोंच्या नव्यानं काढलेल्या मोठाल्या प्रती टांगल्या होत्या. तोफा, उंट, खंदक... माझ्याबरोबर आलेली आत्या एका प्रतीसमोर थांबली. नदीकाठी खेचराला पाणी पाजणारा तरुण शिपाई, फेटा जरासा कललेला, हसू कसंबसं दाबलेलं. बाजार उठत आला तरी आत्या हलेना. "आतोबा?" मी हळूच विचारलं. तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला.

ती प्रत मिळवायचीच, असं मी मनावर घेतलं. तंबूतल्या साहेबानं हात झटकले. मग अर्ज लिहीत सुटलो, पुण्याला, मुंबईला, थेट दिल्लीला. किती महिन्यांनी टपालानं एक गुंडाळी आली! प्रत जरा फिकी होती, पण तोच शिपाई. नगरला चौकट करून घेतली. आत्यानं ती चुलीचा धूर लागणार नाही अशा भिंतीवर लावली. शेजारणी येऊन बघायच्या. "लई देखना हुता गं तुजा मालक!" आत्या नुसती हसायची.

गेल्या दिवाळीला गेलो, तेव्हा ती बाजरी निवडत बसली होती. मी सहज विचारलं, "आत्या, इतक्या वर्षांनी आतोबांना ओळखलंस कसं गं?"

"ते तुजे आतोबा न्हाईत."

मी वळून भिंतीवरच्या तसबिरीकडं बघितलं.

"त्यांच्या डाव्या भिवईत खोक हुती. तोंड इसरले, पन ती खोक न्हाई इसरले."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तू केवढ्या हौसेनं इचारलंस..." सुपातला हात थांबला. "आन् ह्याचीबी कुनी वाट बगत आसंलच की. ह्यो माज्या घरात ऱ्हायला, तसे तुजे आतोबाबी कुनाच्या तरी घरात आसतील. नाव ठावं नसंल, पन तसबीर पुसत आसंल कुनीतरी."

ती शेवटची भेट.

मी पोचलो तेव्हा बाया कुजबुजत होत्या. आत्याला शेवटचं कुंकू लावायचं की नाही? तिला सवाष्ण म्हणायचं की विधवा, कुणाला ठरवता येईना. सगळ्यांची नजर आधी भिंतीकडं गेली, मग माझ्याकडं.

"लावा," मी म्हणालो.

तसबीर आता नगरला माझ्या खोलीत आहे. आलेगेले विचारतात, हे कोण? मी सांगतो, आमचे आतोबा.